साडेसहा किलोंचा गोपनीय अहवाल

कुत्र्याचा स्वभाव कसा आहे, हे सांगायला चार पानी छापील तक्ता लागतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तोवर माझ्या लेखी कुत्र्यांच्या दोनच जाती होत्या : चावणारी आणि अजून न चावलेली.

हा तक्ता आमच्या घरी आला तो कुत्र्यासकट. मुरबाड रस्त्याला एक शेल्टर आहे. तिथे जागा संपली की तिथल्या ताई चार-दोन कुत्री ओळखीच्यांकडे ठेवतात, त्याला 'फॉस्टर' म्हणतात. उंबरमाळीला आमचं घर, पुढे अंगण, मागे कुंपण आणि घरात एक रिकामा पेन्शनर. एवढ्या पात्रतेवर आमची नेमणूक झाली. सौ.ने होकार दिला आणि मग मला कळवलं. आमच्याकडे हीच पद्धत आहे.

ताई म्हणाल्या, "काका, काही करायचं नाही. फक्त तक्ता भरायचा."

उभ्या नोकरीत हेच वाक्य मी लोकांना ऐकवलं होतं. खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यावर ते कसं लागतं, ते पहिल्यांदा समजलं.

तरीही मी निर्धास्त होतो, कारण हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिण्यात माझा हात बसलेला होता. अख्खा माणूस एका ओळीत बसवायचा. कामाचा उरक : साधारण. सचोटी : संशयातीत. वरिष्ठांशी वागणूक : सौजन्यपूर्ण. हे लिहिताना माणूस डोळ्यांपुढे असायला हवा असं काही नाही; त्याचा मागच्या वर्षीचा अहवाल पुढ्यात असला की भागतं. जो टेबलावर झोपतो तो 'शांत स्वभावाचा', जो सगळ्यांशी भांडतो त्याच्यात 'नेतृत्वगुण आहेत'. ज्याने अशी माणसं हातावेगळी केली, त्याला एक कुत्रं कितीसं जड जाणार?

कुत्र्याचं नाव टॉफी. नर, वय सात, वजन साडेसहा किलो, रंग पांढरा, जात पॉमेरेनियन, असं मूळ मालकाने लिहिलेलं. जातीच्या रकान्यापासूनच घोळ होता. खरा पॉमेरेनियन तीन किलोंच्या आसपास आटोपतो. आपल्याकडे ज्याला कौतुकाने 'पॉम' म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 1994 साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने क्रिकेटची अंपायरगिरी केली, तोही स्पिट्झच. त्यानंतर फ्लॅटाफ्लॅटांतून पांढरी कुत्री दिसू लागली आणि त्यांनी पंचगिरी सोडून सगळं केलं. पुढे 2003 मध्ये हचच्या जाहिरातीत एका पोरामागे चालणारा पग आला आणि लोकांना पांढऱ्या कुत्र्यांचा कंटाळा आला. टीव्हीत पाहून कुत्रं आणायचं आणि ते टीव्हीतल्यासारखं वागत नाही म्हणून तक्रार करायची, हा आपल्याकडचा रिवाज. टॉफीला मात्र गावाने दुसऱ्याच दिवशी 'तोफ्या' करून टाकलं आणि तो त्या नावाला लगेच ओ देऊ लागला. सात वर्षांच्या नावाला त्याने असा रामराम ठोकला, हे तक्त्यात कुठे लिहायचं ते मला सापडेना.

पहिली चाचणी : 'अनोळखी माणसाजवळ स्वतःहून येतो का?' सूचना अशी की परीक्षकाने कुत्र्याकडे तोंड करू नये, नजर मिळवू नये, अंग तिरकं ठेवून गप्प उभं राहावं. मी अंगणात तिरका होऊन कुंपणाकडे बघत उभा राहिलो. तोफ्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. बराच वेळ गेला. कुंपणापलीकडे शेजारचा पोऱ्या आला, मग त्याची आजी आली, मग स्टेशनावरून घरी निघालेले दोघं थांबले.

"काय वो भाऊसाहेब, मान आखडली काय?"

मान हलवायला मनाई असल्याने मला 'नाही' म्हणता येईना. त्यावरून आखडली आहे हे गावाने ठरवलं. आजींनी कुठलंसं तेल सांगितलं. एकाने कसाऱ्याचा मान बसवणारा सांगितला. एवढी अनोळखी माणसं माझ्याजवळ स्वतःहून आली; कुत्रं तेवढं आलं नाही.

दुसरी चाचणी अंगाला हात लावू देतो का याची. कान उलटून बघायचे, पंजा हलकेच दाबायचा, ओठ वर करून दात बघायचे. तोफ्याने कान दिले, पंजा दिला, दातही दाखवले. सौ. दारातून बघत होती. म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरा आहे. तोंड उघडायला तुम्ही त्या दाताच्या डॉक्टरांना अर्धा तास लावलात." मी 'सहकार्य करतो' वर टिक केली.

मग आवाजाची चाचणी. स्टीलचं भांडं जमिनीवर टाकायचं आणि कुत्रं दचकतं का बघायचं. आता तक्ता करणाऱ्याने उंबरमाळी पाहिलेली नसावी. खर्डी आणि कसारा यांच्यामधलं हे स्टेशन, पुढे थळघाट. त्या घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ, म्हणून कसाऱ्याला वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. घाटाच्या ओढीने निघालेली लांबलचक मालगाडी घराजवळून गेली की आमच्या फडताळातल्या कपबश्या एकमेकींशी बोलू लागतात. अशा गावात तुम्ही पातेलं टाकलंत तर कोण लक्ष देणार? तोफ्याने डोळाही उघडला नाही. मी 'आवाजाला घाबरत नाही' लिहून पेनाला टोपण लावलं, तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि तोफ्या पलंगाखाली गेला तो वरणभात निवेपर्यंत बाहेर आला नाही. फ्लॅटमध्ये वाढलेलं कुत्रं, तरी त्याला रेल्वे परवडते, कुकर नाही. मी खोडून 'अंशतः' केलं. सरकारी कागदात 'अंशतः'सारखा दुसरा आसरा नाही.

खरा कस लागला तो जेवणाच्या चाचणीत. कुत्रं खात असताना कोणी वाटीत हात घातला तर ते चावतं का, हे बघायचं. पण स्वतःचा हात घालायचा नाही. सू स्टर्नबर्ग नावाच्या अमेरिकी बाईंनी यासाठी काठीच्या टोकाला रबरी हात बसवून दिला आणि तिकडच्या शेल्टरांतून तो बराच चालला. उंबरमाळीत रबरी हात मिळत नाही. मी शेजाऱ्याच्या शेतातल्या बुजगावण्याचा हात उसना आणला : बांबू, बाही, टोकाला पेंढा भरलेला हातमोजा. तोफ्याच्या वाटीत दूधभात होता. मी पाच हात लांबून तो हात पुढे सरकवला. तोफ्याने खाणं थांबवलं, हाताकडे पाहिलं, मग बांबूच्या रेषेत नजर नेत नेत माझ्याकडे पाहिलं. एवढ्या सावकाश नजरेने मला याआधी फक्त लेखापरीक्षकांनी पाहिलं होतं. मग त्याने हातमोजा शांतपणे काढून घेतला, त्यातला पेंढा अंगणभर केला आणि उरलेला भात खाल्ला.

याला चावणं म्हणायचं का? तक्त्यात 'गुरगुरतो', 'दात दाखवतो', 'चावतो' असे पर्याय होते. 'परीक्षेचं साहित्य जप्त करतो' हा नव्हता. शिवाय त्या दिवशी एकहाती बुजगावण्याला पाखरांनी जुमानलं नाही, ती भरपाई वेगळी.

सौ.चं म्हणणं, मुळात ही चाचणीच उलटी आहे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. "आणि तुम्ही बांबू घेऊन."

मुलांशी कसा वागतो हे बघायला खरं मूल वापरायचं नाही, मोठी बाहुली चालते. नातीची बाहुली काढली. तोफ्याने तिला हुंगलं आणि दंडाला धरून आपल्या पोत्यावर नेऊन निजवलं. बाहुली परत घ्यायला मी गेलो तेव्हा गुरगुरला. म्हणजे मुलांशी प्रेमळ, आजोबांशी आक्रमक. टिक एकच करायची होती.

दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख करून द्यायला त्याला स्टेशनाकडे नेलं. तिथे काळं, थोराड, एका पायाने लंगडं कुत्रं कायम असतं. तोफ्या त्याच्यावर असा काही धावून गेला की साखळीबरोबर मीही दोन पावलं धावलो. काळ्याने जांभई दिली. छोट्या कुत्र्यांचं हे जगभर असंच असावं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो मालकांकडून माहिती गोळा करून 2008 मध्ये निष्कर्ष छापले, त्यात माणसांवर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा ही टीचभर मंडळी आघाडीवर निघाली. सिनेमातले खलनायक पाळतात ती दांडगी कुत्री मागे. मला यात नवल वाटलं नाही. मोठं कुत्रं गुरगुरलं की लोक मागे सरतात, छोटं गुरगुरलं की "अगंबाई, राग आलाय बघा" म्हणत मोबाइल काढतात. कुणी मनावरच घेत नसेल तर माणूसही टेबलावर हात आपटू लागतो. आमच्या ऑफिसातही सर्वांत मोठा आवाज सर्वांत खालच्या टेबलाचा होता.

गावाची चाचणी वेगळी आणि छोटी होती. शेजारच्या आजींनी विचारलं, "उंदीर धरतं का?" धरत नव्हतं. "मग राखण?" दिवसा पोस्टमनपासून वाऱ्यापर्यंत सगळ्यांवर भुंकतो, रात्री घोरतो. आजींनी मान हलवली. शेवटचा प्रश्न, "भितं का?"

इथे मी छाती फुगवून तक्ता दाखवला : 'निर्भय' या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी गुण होते.

"मंग नाय टिकायचं," आजी म्हणाल्या. "हितं न भिणारं कुत्रं बिबट्या नेतो."

हे काही म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून देता येईना. गावाच्या एका अंगाला तानसाचं जंगल आहे, आणि घाटापलीकडच्या अकोले तालुक्यात संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला तेव्हा वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणजे शहरातल्या तक्त्यात जो गुण, तो उंबरमाळीत जेवणाच्या पानावरचा पदार्थ. त्या संध्याकाळपासून दिवेलागणीला तोफ्या घरात आणि दाराला कडी. त्याचं 'निर्भय' मी खोडलं नाही. समासात 'स्थानिक परिस्थितीच्या अधीन राहून' असं लिहिलं.

कुत्र्यांचे स्वभाव रकान्यांत बसवणारा मी पहिलाच नव्हे. रशियात शास्त्रज्ञ पावलोव यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचे ग्रीक वैद्यांच्या हिशेबाने चार स्वभाव पाडले होते : उत्साही, तापट, थंड आणि खिन्न. तोफ्या सकाळी उत्साही, पोस्टमन आला की तापट, दुपारी थंड आणि दूध संपलं की खिन्न. पावलोव यांना नोबेल मिळालं ते पचनाच्या कामासाठी, हे मला त्या दिवसांत फार सूचक वाटलं.

अहवाल पुरा होत आला तेव्हा एक नियम आठवला. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधिताला लेखी कळवावा लागतो आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. मी पायरीवर बसून तोफ्याला वाचून दाखवलं : "अन्न व बाहुल्या यांबाबत मालकी भावना तीव्र. वरिष्ठांप्रति आदर साधारण. साहित्याची नासधूस." त्याने ऐकून घेतलं आणि अहवालाच्या तिसऱ्या पानावर बसला. त्याचं म्हणणं मी 'निरंक' असं नोंदवलं, पण पान नंतर वाळवावं लागलं.

ताईंना फोन केला. आमच्या घरात रेंज नसल्याने पाण्याच्या टाकीवर चढून बोलावं लागतं. "ताई, तक्ता काही जमत नाही. रोज वेगळं उत्तर येतंय."

"काका, सगळ्यांचं तसंच होतं." मग त्यांनी सांगितलं की गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली या दोघा अभ्यासकांनी 2016 मध्ये या शेल्टरांतल्या चाचण्यांचा हिशेब मांडून लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यातच म्हटलं की नाणं उडवण्यापेक्षा या चाचण्या काही बऱ्या नाहीत. भेदरलेलं, घर सुटलेलं कुत्रं अनोळखी जागी जे वागतं, तो त्याचा स्वभाव नव्हे. त्याच्याबरोबर चाला, खेळा, आधीच्या घरी काय झालं ते विचारा, आणि जे दिसेल ते लिहा.

"मग तक्ता कशाला देता?"

"घ्यायला येणाऱ्यांना लागतो. कागद असला की बरं वाटतं त्यांना."

टाकीवर उभा असल्याने मला हात जोडता आले नाहीत, नाहीतर जोडले असते. असं खातं चालवणारी बाई सरकारात हवी होती.

आधीच्या घरी काय झालं ते मूळ मालकाच्या अर्जात होतं. हा कागद मी आधीच वाचायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण सोबतची कागदपत्रं शेवटी वाचायची ही शिस्त आहे. अर्जात लिहिलं होतं : 'स्वभाव अतिशय प्रेमळ. चावतो.' दोन वाक्यांमध्ये 'पण'सुद्धा नव्हता. 'कोणाला चावतो?' पाहुण्यांना. 'कोणत्या वेळी?' पाहुणे त्याला सोफ्यावरून उठवतात तेव्हा. 'सोडण्याचं कारण?' आक्रमकता. त्याखाली आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं. मी कागद उजेडाला धरला, जुनी सवय. खोडलेले शब्द 'नवीन सोफा' असे होते.

युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. त्याच्याकडे त्या वेळी सोफा नव्हता, हे मान्य करायला हवं.

त्या मालकाला मी एवढंही देईन की त्याने कुत्रं शेल्टरला आणून तरी दिलं. फार्महाऊसचा हंगाम संपला की महामार्गाच्या कडेला गळ्यात पट्टा असलेली कुत्री दिसतात, प्रत्येक थांबणाऱ्या मोटारीकडे बघत. अन्नपाण्यावाचून हाल होतील असं जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या वेळचा दंड त्यात लिहिलाय तो दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत दोन वडापाव आणि एक कटिंग होतो. कुत्रं आणताना मात्र लोकांनी हजारांत मोजलेले असतात.

मग बघायला माणसं येऊ लागली. चाचणी कुत्र्याची म्हणून तक्ता मी दिला, पण रकाने भरत गेले ते भलतेच. एका गृहस्थांना राखणदार हवा होता, मात्र न भुंकणारा. एका जोडप्याला शांत कुत्रं हवं होतं आणि त्यांच्या दोन मुलांपैकी एक तोफ्याची शेपटी धरून उभा, दुसरा माझ्या टाकीवर. एका बाईंना केस न गळणारा पांढरा हवा होता. मी त्यांना उशी सुचवली. कल्याणहून आलेल्या तरुणाने पेडिग्रीचे कागद मागितले. त्याचे स्वतःचे मागावेत असं मला वाटलं, पण सौ.ने चहा पुढे केला. एक आजोबा "अंगावर येत नाही ना, अंगावर येत नाही ना" करत आले आणि जाताना तोफ्यावरच पाय देऊन गेले. तोफ्या चावला नाही. हे मी लाल शाईने लिहिलं.

शेवटी कसाऱ्याहून एक निवृत्त मालगाडी ड्रायव्हर आले. घाटात गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांवर हयात गेलेली, त्यामुळे डावा कान पूर्ण बाद आणि उजवा 'अंशतः'. पायरीवर बसले ते उजवा कान माझ्याकडे करून, म्हणजे कुत्र्याच्या बाजूने तिरके, नजर कुंपणावर. खिशातून शेंगदाणे काढून खात राहिले. जी चाचणी मला मान आखडेपर्यंत जमली नव्हती ती त्यांनी न सांगता सुरू केली होती. तोफ्या पायरी उतरला, त्यांच्या गुडघ्याला पाठ लावून बसला.

मी तक्ता पुढे केला. ते म्हणाले, "चष्मा आणला नाही. काय लिहिलंय?"

"भुंकतो फार," मी ओरडून सांगितलं.

"भुंकताना हलतो का?"

"सगळाच हलतो."

"मग झालं. दारावर कोणी आलं तर मला ऐकू येत नाही. हा हलला की कळेल."

"सोफ्यावर बसतो."

"सोफा नाही. खाट आहे. दोघांना पुरते."

"कुकरला घाबरतो."

"मीसुद्धा," ते म्हणाले.

मी प्रतवारी 'अत्युत्कृष्ट' लिहिली, खाली सही केली. कुत्र्याचं नाव लिहायच्या जागी ड्रायव्हरसाहेबांचं नाव पडलं होतं, ते तसंच राहू दिलं. संध्याकाळच्या कसारा लोकलने दोघे गेले. आठवणीची खूण म्हणून तोफ्याने बुजगावण्याचा हातमोजा बरोबर नेला.

शेल्टरहून आता एक डॅशहुंड आली आहे. सोबतच्या अर्जात सोडण्याचं कारण पुन्हा 'स्वभाव' असंच आहे, आणि कोणाचा ते लिहिलेलं नाही. तेव्हा वाचकांना विनंती अशी : कुत्रं न्यायला येणार असाल तर कसाऱ्याची गाडी पकडा, खर्डीनंतर उतरा, येताना कान तिरका ठेवा. आणि सोडायला येणार असाल तर कारणाच्या रकान्यात खरं लिहा. तो रकाना चांगला चार ओळींचा आहे; सोफा, बदली, नवी सून, वास्तुशास्त्र, जे असेल ते त्यात मावतं.